लाभ, दोन, तीन

आमच्या घरात माझ्या नोकरीला ‘मापाचं काम’ म्हणतात. सोयरे आले, कोणी चहा पिता पिता विचारलं, की बायको पदर सावरून सांगते, “मापाचं काम हाये त्याहीचं.” ऐकणाऱ्याला वाटतं, धान्याच्या अडतीत असतील. पुढचं कोणी विचारत नाही. ज्याला माहीत असतं तो तर मुळीच विचारत नाही, तो गालातल्या गालात हसतो आणि चहा संपवतो. यात खोटं काही नाही. बावीस वर्षं मी माप भरतो आहे. फक्त त्या मापात जवारी नसते, एवढंच.

हे नाव वडिलांनी दिलेलं. ते स्वतः मापारी. किन्हीराजाच्या पलीकडे आमचं गाव, घरची जमीन जेमतेम, पण हंगामात वडिलांना चार गावांहून बोलावणं यायचं. जवारी निघाली की खळ्यावर मजुरांची मजुरी धान्यातच द्यायची, तेव्हा पायलीनं माप घालणारा माणूस असा लागायचा की ज्याच्यावर मालकाचाही विश्वास आणि मजुराचाही. असा माणूस मिळणं कठीण. वडील मिळायचे.

माप घालायचीही एक रीत असते. पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाहीत. ‘लाभ’ म्हणतात. एक म्हटलं की बरकत जाते. आणि आकडा विसरू नये म्हणून तो घोळवत राहायचा. पायली भरताना ‘लाभच लाभ, लाभच लाभ’, पोत्यात ओतली की ‘दोनच दोन, दोनच दोन’, असं पुढे. वडिलांचा आवाज काही गाण्याचा नव्हता, पण खळ्यावर तो लांबून ऐकू यायचा. पाठ धरली म्हणून एका हंगामात त्यांनी पायली माझ्या हातात दिली. मी विशीतला, बारावीत दोनदा अडकलेला, हाताला काम नसलेला. ते खाटेवर बसून बघायचे आणि चुकलं की नुसतं खाकरायचे. पुढे तीन हंगाम मीच माप घातलं. ही माझी शाळा. इथला अभ्यास मात्र पक्का झाला, आणि त्यानंच पुढे माझी फजिती केली.

कारण मग पायल्या गेल्या. काटे आले, आकडे आपोआप उमटायला लागले, आणि माप येणाऱ्या माणसाला कोणी विचारेना. मी रिसोडला गेलो. सोयाबीनचा हंगाम होता, बाजारात गाड्यांची रांग, मला वाटलं इथं तरी कोणी ठेवेल. चार दुकानांत विचारलं, चारही ठिकाणी काट्याकडे बोट दाखवलं. उन्हाचा थकून एका परमिट रूमच्या ओट्यावर सावलीला बसलो. ते परमिट रूम आहे हे मला कळलं नाही असं मी घरी बरीच वर्षं सांगत होतो. पाटी हातभर मोठी होती.

मालक बाहेर आला. पोट सुटलेला, कपाळावर गंध, हातात मोगऱ्याचा गजरा, तो देवाच्या फोटोसाठी.

“कायले बसला बे?”

“काम पाहून राह्यलो.”

“काय येते?”

“माप येते.”

त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि इतका हसला की गजरा हातातून पडला. “मंग आत ये नं! आमच्याकडंही मापच हाये.”

असा मी या धंद्यात शिरलो. मोठी माणसं आपल्या व्यवसायात कशी आली ते सांगताना ध्यास वगैरे शब्द वापरतात. माझ्याकडे सांगायला एक ओटा आणि थोडी सावली आहे.

पहिले सहा महिने ग्लास धुतले. मग एका दुपारी काउंटरवरचा माणूस लग्नाला गेला आणि मालकानं मला उभं केलं. पेगचं माप म्हणजे स्टीलचा छोटा डमरू. एका तोंडाला तीस, दुसऱ्या तोंडाला साठ. मी बाटली उचलली, माप काठोकाठ भरलं आणि वर आणखी थोडं घातलं. दारूही, हात हलका असेल तर, काठाच्या वर किंचित फुगून उभी राहते. मला त्याचं कौतुक वाटलं. तेवढ्यात ती बोटांवरून मनगटावर, मनगटावरून बाहीत.

“अबे, दारू हाये ते!” मालक ओरडला. “जवारी नाय! शीग कायले लावतं?”

शीग म्हणजे मापावरचा ढीग. धान्य काठाच्या वर निमुळतं चढवून दिलं की ते शिगेचं माप. आमच्याकडे त्याला दिलदारी समजतात. परमिट रूममध्ये त्याला नुकसान म्हणतात हे मला त्या दिवशी कळलं. घरी जाताना एसटीत माझ्या बाहीचा वास घेऊन शेजारची बाई उठून दुसरीकडे बसली. मी थेंबही घेतला नव्हता. आजतागायत घेतलेला नाही, पण हे सांगून बावीस वर्षांत कोणाला पटलेलं नाही, म्हणून आता सांगायचं सोडलं आहे.

ग्लास धुत होतो तोवर घरी ‘दुकानात हाये’ एवढंच सांगितलं होतं. त्या दिवशी वडिलांनी विचारलं, “आता काय काम भेटलं?”

मी म्हणालो, “मापाचं.”

ते माझ्या बाहीकडे बघत राहिले. मग म्हणाले, “बरं हाये. मापाचं काम चांगलं असते.” आणि उठून बैलाकडे गेले. तेव्हापासून हे नाव पडलं. त्या दिवसानंतर त्यांनी कामाबद्दल एक शब्द विचारला नाही आणि मी सांगितला नाही. आम्ही बोलायचो पावसावर, तुरीवर, कोणाच्या म्हशीवर. बोलायला विषय कमी पडले असं कधी झालं नाही.

शीग हळूहळू सुटली. निदान मला तसं वाटलं. पण ‘लाभ’ काही सुटला नाही. टेबलावर किती पेग गेले ते मी मोठ्यानं घोळवायचो. वेटर हसायचे. गिऱ्हाइकांना मात्र ते आवडायला लागलं, कारण ती सगळी खळ्यावरची माणसं. एक निवृत्त गुरुजी होते, दर गुरुवारी दुपारी जेवणाआधी यायचे, भिंतीकडे तोंड करून बसायचे, म्हणजे रस्त्यानं जाणाऱ्या विद्यार्थ्याला पाठच दिसावी. अर्ध्या तालुक्याला त्यांची ती पाठ ओळखू यायची. बायकोनं त्यांना दोनच पेगची परवानगी दिलेली होती आणि गुरुजी शब्दाचे पक्के. पहिला पेग गेला की मी म्हणायचो, “लाभ.” दुसऱ्याला “दोन”. मग गुरुजी तिसरा मागवायचे.

मी म्हटलं, “गुरुजी, दोन झाले नं.”

“कुठं झाले? तू एक कवा म्हनला?”

“लाभ म्हनलो नं.”

“लाभ म्हंजे लाभ. तो मोजणीत येत नसते. मी गणित शिकवलं बत्तीस वर्सं, मले शिकवून राह्यला का?”

आणि घरी जाऊन ते छातीवर हात ठेवून सांगायचे की मोजून दोन घेतले. त्यांच्या बायकोनं एकदा बाजारात माझ्या बायकोला गाठून विचारलंही, “तुमच्या घरच्यांच्या हाताची मापं एवढी मोठी कशी हो?”

तिथं मी मोठा होत गेलो. म्हणजे हात सुधारला. कोणत्या बाटलीचं झाकण कसं फिरतं ते अंधारातही सांगू लागलो, कोणाला सोडा आणि कोणाला समजूत द्यायची ते कळायला लागलं. मालक बाहेरगावी गेला की गल्ल्यामागची खुर्ची माझी. नवीन प्रकारांतही हात घातला. एकदा पुण्याहून सुटीवर गावी आलेल्या एका पोरानं पुदिना घातलेलं काहीतरी मागितलं, नाव सांगितलं, मला अर्धंच ऐकू आलं. मी स्वयंपाकघरात ओरडलो, “पुदिना आना!” आचाऱ्यानं पुदिना आणला, वाटून, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि लसूण घालून, कारण पुदिन्याचं चटणीशिवाय दुसरं काही होतं हे त्यालाही माहीत नव्हतं. मी तो ढवळला, वर बर्फ, वर लिंबू. पोरानं एक घोट घेतला. डोळ्यांतून पाणी आलं.

मग म्हणाला, “भाऊ, हे ते नाय. पन आनखी एक आना.”

ते पेय ‘हिरवं’ या नावानं दोन वर्षं चाललं. माझ्या नावावर जमा असलेली ही एकमेव निर्मिती.

मग गेल्या वर्षी मालकानं जाहीर केलं की परमिट रूम बंद. त्याचा मुलगा तिथं फर्निचरचं दुकान काढणार. मालक माझ्याशी वाईट वागला नाही, उलट त्यानंच एक पत्ता दिला. धनजकडे, नवीन मोठ्या रस्त्याला लागून एक भलं हॉटेल उभं राहात होतं, तिथं काउंटरचा मुख्य माणूस हवा होता. “माह्या नावानं जा,” म्हणाला. “पन थे लोक परीक्षा घेतात म्हने.”

माझं वय एकोणपन्नास. येणारं काम एकच. घरात मुलगी शेवटच्या वर्षाला वाशिमला शिकत होती. ही जागा नाही मिळाली तर मला पुन्हा एखादा ओटा शोधावा लागणार होता, आणि या वयात सावलीला बसलेल्या माणसाला कोणी आत बोलावत नाही, उठवतात.

परीक्षा घ्यायला नागपूरहून एक मुलगी आली होती. पंचविशीची असेल. केस बांधलेले, हातात वही, आवाज गोड आणि काम कडक. मला आधी ‘सर’ म्हणाली, मग माझ्याकडे नीट पाहून ‘काका’. सकाळचे अकरा वाजले होते, हॉटेलला अजून रंगाचा वास होता. तिनं काउंटरवर सहा ग्लास मांडले आणि पाण्यानं भरलेली बाटली दिली. बाटलीच्या तोंडाला चोच बसवलेली, धार सारखी पडावी म्हणून.

“काका, इथे माप वापरायचं नाही.”

मला वाटलं, गंमत करते आहे.

“गर्दीत वेळ नसतो नं. मनात चार ठोके मोजायचे आणि बाटली सरळ करायची. चार ठोक्यांना तीस मिली. सहाही ग्लास सारखे यायला पाहिजे.”

बावीस वर्षं मापाचं काम केलेल्या माणसाला शेवटी सांगितलं की माप बाजूला ठेव. पण चार ठोके म्हटल्यावर मला धीर आला. ‘लाभच लाभ, लाभच लाभ’ हे बरोब्बर चार ठोके होतात. मी मनात सुरू केलं. दोनच दोन, दोनच दोन. तीनच तीन. सहापर्यंत न थांबता गेलो. तिनं एकेक ग्लास रेघांच्या नळीत ओतून पाहिला. दुसरा तीस. तिसरा तीस. चौथा, पाचवा, सहावा तीस. तिनं भुवया उंचावल्या. मग पहिला ओतला. पस्तीस.

“परत करा काका.”

परत केलं. पाच ग्लास तीस, पहिला पस्तीस. तिसऱ्यांदा पहिला छत्तीस.

“गंमत आहे,” ती म्हणाली. “लोकांचे सगळेच चुकतात. तुमचा फक्त पहिला चुकतो. आणि दर वेळी जास्तच. असं का होतं?”

मला काय माहीत! मी म्हटलं, “सवयीचं असन.”

तिनं वहीत काहीतरी लिहिलं. “पुढच्या सोमवारी मी पुन्हा येते. तेव्हा सहाही बरोबर आले तर जागा तुमची. नाही आले तर मात्र मला दुसरा माणूस बघावा लागेल. राग मानू नका काका.”

तिनं उदार मनानं ती चोच मला घरी न्यायला दिली.

घरी अंगणात मी दुकान मांडलं. पाण्याची बाटली, वर चोच, सहा स्टीलचे पेले, मुलीचं औषधाचं माप. बायको दारात उभी राहून बघायची.

“झाडाले तरी घाला ते पानी,” ती म्हणायची. “सहा पेले भरता, सहा ओतता. मानसाले कोनी पाहालं तं काय म्हनन?”

“पोटाचं काम हाये.”

“मले माहीत हाये पोटाचं. मी पेल्याचं म्हनून राह्यली. चहाले पेला नाय उरला घरात.”

तिसऱ्या दिवसापर्यंत पहिला पेला काही तिसावर आला नाही. मुद्दाम कमी ओतलं की पंचवीस, मग पुढचे सगळे बिघडायचे. आणि या सगळ्या वेळात वडील कडुनिंबाखाली खाटेवर बसलेले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, दिसणं कमी झालेलं, कान शाबूत. बाटली, पेले, चोच, सगळं त्यांच्यापासून पाच हातांवर. बावीस वर्षं आम्ही ज्या गोष्टीचं नाव घेतलं नव्हतं ती अंगणात मांडून मी बसलो होतो, आणि ते तुरीच्या शेंगा सोलत होते. त्यांनी उठून जावं असं मला वाटत होतं. ते जात नव्हते.

चौथ्या दिवशी मी पुटपुटत होतो, ‘लाभच लाभ, लाभच लाभ’, आणि ते खाकरले. खळ्यावर खाकरायचे तसंच. माझा हात थांबला.

“पयलं जास्त येते का?”

“हो.”

“बाकी बराबर?”

“बाकी बराबर.”

ते शेंग सोलत म्हणाले, “शीग हाये थे.”

मला काही कळलं नाही. पाण्याला कसली शीग?

“पयल्या पायलीवर हात नाय फिरवत आपन. लाभाचं माप. थे शिगेचंच द्याचं. दुसऱ्यापासून सपाट. मीच शिकवलं तुले.” थोडं थांबून म्हणाले, “तोंडातून लाभ निंगाला का हात उचलत नाय तुहा. शेवटी जरा रेंगाळते. मले धार ऐकू येते.”

खरं होतं. खळ्यावर मजुराला पहिली पायली ते नेहमी शिगोशीग द्यायचे. मालक बघत असला तरी द्यायचे, आणि लाभाच्या मापावर हात फिरव म्हणायची कोणा मालकाची छाती नव्हती. बाकीच्या पायल्यांवर तळहात फिरवून काठाशी सपाट. मी तीन हंगाम तेच केलं होतं. स्टीलच्या मापानं ते बावीस वर्षं झाकून ठेवलं, कारण माप भरलं की वरचं सांडतं आणि माणूस थांबतो. माप काढून घेतल्याबरोबर हात खळ्यावर गेला.

“मंग काय करू?” मी विचारलं.

त्यांनी सोललेले दाणे सुपात टाकले. सूप जवळजवळ भरलं होतं.

“एक म्हन,” ते म्हणाले.

“पयल्याले एक?”

“हो. एक म्हन.”

“बरकत जाते नं?”

तेव्हा त्यांनी मान वर केली. मी त्यांना नीट दिसत होतो की नाही कोण जाणे, पण बघितलं माझ्याकडेच.

“दारूले कायची बरकत पायजे बापा?”

एवढंच. आमच्या घरात तो शब्द वडिलांच्या तोंडून पहिल्यांदा निघाला होता आणि त्यानं काही कोसळलं नाही. बायको दारातून आत गेली. मी बाटली उचलली. ‘एकच एक, एकच एक’ म्हणताना जीभ अडखळली, मला कोणाचं तरी चोरून खाल्ल्यासारखं वाटलं. पण हात वेळेवर सरळ झाला. औषधाच्या मापात ओतून पाहिलं. तीस.

“आलं का?” वडिलांनी विचारलं.

“आलं.”

“हं,” ते म्हणाले आणि सूप पाखडायला घेतलं.

सोमवारी मी सहाही ग्लास तीस भरले. त्या मुलीनं तीनदा करून घेतलं, तिन्ही वेळा तीस, फक्त एकदा पाचवा एकोणतीस आला, तो तिनं सोडला. “काय केलं हो काका?” तिनं विचारलं. मी म्हटलं, “एक म्हनलो.” ती हसली. तिला वाटलं मी विनोद केला. जागा मला मिळाली. अंगात काळं जाकीट घालावं लागतं, ते पोटावर बसत नाही, म्हणून मी काउंटरच्या मागे जरा वाकून उभा असतो. लोकांना ती नम्रता वाटते.

आठवड्याला एकदा घरी येतो. रिसोडचे गुरुजी एकदा पाहुण्यांच्या गाडीत धनजला आले होते, हॉटेलात शिरले, मला जाकिटात पाहून आधी ओळखलंच नाही. पहिला पेग दिला आणि सवयीनं मोठ्यानं म्हणालो, “एक.”

गुरुजी एकदम उभे राहिले. “एक? अरे, लाभ कुठं गेला?”

“इथं लाभ नसते गुरुजी.”

“मंग माहे दोनच होईन नं!”

दोनच झाले.

यंदा घरची तूर निघाली. फार नाही, घरापुरती आणि बहिणीकडे द्यायला थोडी. काट्यावर नेण्याइतकी नव्हती, म्हणून वडील म्हणाले, पायलीनं घालू. माळ्यावरून जुनी पायली काढली, पुसली. ते खाटेवर, मी ढिगापाशी, बायको पोत्याचं तोंड धरून. मी पायली भरली आणि वर तळहात फिरवत म्हणालो, “एकच एक, एकच...”

वडील खाकरले.

मी थांबलो. पायली तशीच हातात.

“थे तिथं,” ते म्हणाले. “हे घर हाये.”

बायको हसायला लागली, पोतं तिच्या हातातून सुटता सुटता राहिलं. मी पायली ढिगात पुन्हा रिकामी केली. पुन्हा भरली, काठाच्या वर, ओंजळीनं आणखी घातली, बाजूनं दाणे ओघळेपर्यंत. हात फिरवला नाही.

“लाभच लाभ,” मी म्हणालो.

वडिलांनी डोळे मिटले आणि पोत्यात पडणारी तूर ऐकत बसले.